शालीखालचे दोन हात

मतदानाच्या अकरा दिवस आधी, एका मंगळवारी, आमच्या दैनिकाच्या लातूर आवृत्तीत पान तीनवर दोन कॉलमी फोटो छापून आला. फोटोत दोन माणसं होती. डावीकडे पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाचे तेव्हाचे व्यापारमंत्री, उजवीकडे भारताचे तिथले तेव्हाचे राजदूत. राजदूत मंत्र्यांना शाल देत होते. शाल घडीतून सुटून दोघांच्या उजव्या हातांवर पडली होती, त्यामुळे हात दिसत नव्हते. खाली ओळ होती: 'राजदूतपदावर असताना तेथील व्यापारमंत्र्यांचा शाल देऊन सत्कार करताना आपल्या मतदारसंघाचे आमदार.'

फोटो अहमदपूरहून मी पाठवला होता. ओळ माझी होती. त्या ओळीत एकही शब्द चुकीचा नाही.

आमदार निवडणूक हरले. निकालानंतर चार महिन्यांनी त्यांची जिनिव्हातल्या एका आंतरराष्ट्रीय व्यापार संस्थेत संचालक म्हणून नेमणूक झाली. आज ते तिथेच आहेत.

आमदारांचे वडील अहमदपूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. मापाडी म्हणजे आडतीवर, म्हणजे दलालाच्या दुकानात, आलेल्या मालाचं वजन करणारा परवानाधारक माणूस. तो शेतकऱ्याचाही नसतो आणि खरेदीदाराचाही नसतो. वडिलांनंतर परवाना थोरल्या मुलाच्या नावावर झाला. यार्डात त्यांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणतो. धाकटा, म्हणजे आमदार, शिकला. शाळा अहमदपूरला, कॉलेज नांदेडला, मग दिल्ली. तो परराष्ट्र सेवेची परीक्षा पास झाला त्या दिवशी यार्ड अर्धा दिवस बंद ठेवलं होतं, असं काका सांगतात. बाजार समितीच्या कार्यालयात मला तशा सुट्टीची नोंद सापडली नाही.

पुढची तीस वर्षं ते बाहेर होते. आधी कनिष्ठ अधिकारी, मग व्यापारविषयक वाटाघाटींचं काम, शेवटी राजदूत. निवृत्तीला काही वर्षं राहिलेली असताना नोकरी सोडून ते अहमदपूरला आले आणि तीन महिन्यांत एका पक्षाचे उमेदवार झाले. पहिल्या निवडणुकीत भिंतीवरची घोषणा होती, 'मापाड्याचा लेक, वजन करील नेक.' राजदूत म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला आधी त्या नावाची जुनी फटफटी आठवते. विरोधी उमेदवार सभेत म्हणाला, "राजदूत लई जुना झालाय, बाबांनो. धूर लई सोडतो, चढावर चढत न्हाई." लोक हसले. पण मतं मापाड्याच्या लेकाला पडली.

मी मूळ बिलोलीचा. आमच्या तालुक्यातली माणसं पोटासाठी हैदराबादला जातात. ती परत येतात ती मयताला, नाही तर जमिनीच्या वाटणीला. त्यामुळे परदेशातली मोठी नोकरी सोडून आलेला माणूस माझ्या डोक्यात बसत नव्हता. पहिल्या मुलाखतीत मी त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, "परत का आलात?"

ते म्हणाले, "प्रश्न फार महत्त्वाचा आहे." मग त्यांनी चहा सांगितला.

ते वीस मिनिटं बोलले. आवाज शांत, वाक्यं पूर्ण, मराठी शुद्ध. खोलीवर येऊन मी वही उघडली तेव्हा बातमीच्या पहिल्या परिच्छेदात घालण्यासारखं एकही वाक्य त्यात नव्हतं. पुढच्या पाच वर्षांत हे अनेकदा झालं. शेवटच्या दीड वर्षात ते राज्यमंत्री होते, तेव्हाही. त्यांनी मला कधी 'नाही' म्हटलं नाही आणि 'हो'ही म्हटलं नाही. ते म्हणायचे, "बघू." माझ्या वह्यांत त्यांच्या नावासमोर हा शब्द इतक्या ठिकाणी आहे की नंतर मी तो लिहिणं सोडून दिलं आणि नुसती फुली मारू लागलो.

यार्डात पूर्वी माल कसा विकला जायचा हे इथे सांगायला हवं, कारण त्यावाचून त्या फोटोचं पुढे काय झालं ते कळणार नाही.

आता लिलाव उघड होतात. भाव मोठ्याने पुकारला जातो आणि सगळे ऐकतात. पूर्वी तसं नव्हतं. आडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहायचे, दोघं उजवा हात पुढे करायचे आणि हातांवर रुमाल टाकायचे. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा. किती बोटं धरली आणि कुठल्या पेरावर दाबली, ते त्या दोघांनाच ठाऊक. शेतकरी चार हातांवर उभा असायचा. माल त्याचा, पण भाव त्याला शेवटी कळायचा. रुमाल कुणाचा वापरायचा याचाही आमच्या यार्डात रिवाज होता. रुमाल मापाड्याचा, कारण तोच दोघांपैकी कुणाचा नव्हता.

ही पद्धत कायद्याने कधीच बंद झाली आहे. मी अहमदपूरला वार्ताहर म्हणून आलो तेव्हाही ती बंद होती, आणि पहिल्याच महिन्यात एका कोपऱ्यातल्या आडतीवर मी ती डोळ्यांनी पाहिली. दोघं हवापाण्याचं बोलत होते, एकजण तर जांभई देत होता, आणि रुमालाखाली सौदा चालला होता. पलीकडे चवड्यावर बसलेला म्हातारा शेतकरी त्या रुमालाकडे ज्या नजरेने बघत होता ती नजर मी विसरलो नाही. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक शेतकऱ्याला रुमालाखालचे हात म्हणजे काय ते माहीत आहे. त्याच्याविरुद्ध काही तरी ठरतं आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

काका तो रुमाल अजून खांद्यावर टाकायचे. लाल काठाचा, जाडाभरडा, वडिलांचा. तो कामाचा राहिला नव्हता. ते त्याने तोंड पुसायचे नाहीत, काट्यावरची धूळही झटकायचे नाहीत. धूळ झटकायला दुसरं फडकं होतं.

दुसऱ्या निवडणुकीच्या हंगामात तुरीचा भाव पडला. बाहेरची तूर बंदरात उतरली आहे, हे यार्डातल्या हमालापासून सगळ्यांना माहीत होतं. ती पूर्व आफ्रिकेतून येते, हे त्याखालोखाल माहीत होतं. दोन सरकारांत तुरीचा करार झाला तेव्हा तिथे आपले राजदूत कोण होते, ही गोष्ट प्रचार सुरू झाल्यावर फिरू लागली. ती कुणी सुरू केली हे मला कळलं नाही. मी तीन ठिकाणी विचारलं, तिघांनी एकमेकांचं नाव सांगितलं.

एका गावातल्या सभेत एक शेतकरी उभा राहिला. "साहेब, एक साधं इचारतो. ही तूर तुम्ही आणली का न्हाई?"

आमदार म्हणाले, "असे करार दोन सरकारांमध्ये होतात. राजदूत हा त्यातला एक दुवा असतो."

"दुवा म्हंजे?"

मागून कुणी तरी ओरडलं, "आरं, दुवा म्हंजे आशीर्वाद! तुरीला आशीर्वाद दिला सायबांनी!"

सभा हसली. आमदारही हसले. सभा संपल्यावर गाडीजवळ मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. करारावर सही तुमची आहे का? ते म्हणाले, "सही सचिवांची असते. तुम्ही कागद पाहा." कागद कुठे पाहायला मिळेल असं विचारलं, तर म्हणाले, "बघू."

मी फुली मारली.

त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी माझ्या फोनवर तो फोटो आला. पाठवणारी आमदारांच्या प्रसिद्धीचं काम बघणारी बाई होती. ती पुण्याहून दोन महिन्यांसाठी आली होती. तिची पद्धत अशी होती की प्रत्येक वार्ताहराला वेगळा फोटो द्यायचा, म्हणजे प्रत्येकाला तो आपला वाटतो आणि सगळे छापतात. तिने लिहिलं होतं, "हा फक्त तुमच्यासाठी. आमच्याकडून आला असं दिसायला नको. जुना फोटो तुम्ही शोधून काढलात असं वाटलं तर उत्तम. साहेबांचं परदेशातलं वजन लोकांना कळू दे."

मूळ फोटो रुंद होता. मागे लांब टेबल होतं, त्यावर दोन देशांचे झेंडे, टेबलाशी बसून सह्या करणारे दोन अधिकारी आणि बाजूला उभी असलेली सात-आठ माणसं. पुढे कडेला राजदूत आणि मंत्री. शाल घसरलेली.

शाल मला लगेच दिसली. मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. हात दिसत नव्हते.

त्या वेळी मी बाईला फोन केला असता आणि यार्डात या फोटोचा काय अर्थ होईल हे सांगितलं असतं, तर तिने दुसरा फोटो पाठवला असता. मी फोन केला नाही. बातमीदाराने उमेदवाराची प्रसिद्धी सुधारून द्यायची नसते, हे मी स्वतःला सांगितलं आणि ते खरंही आहे. पण पाच वर्षांच्या वह्यांतल्या फुल्याही मला त्या वेळी आठवत होत्या, हेही खरं आहे. मी ओळ लिहिली, दोनदा तपासली आणि लातूरला पाठवली.

मंगळवारी सकाळी पेपर उघडला तेव्हा टेबल, झेंडे, सह्या करणारे अधिकारी आणि बाजूची माणसं कापली गेली होती. उरले होते दोघं जण आणि मध्ये शाल. मी आवृत्तीप्रमुखांना फोन केला.

"चार कॉलमचा फोटो दोनमध्ये बसवायचा म्हणजे कापणारच," ते म्हणाले. "खाली खताची जाहिरात आली होती. का? चेहरे बरोबर आलेत ना?"

चेहरे बरोबर आले होते.

दहाच्या सुमारास मी यार्डात गेलो. चहाच्या टपरीवर पेपर एका हातातून दुसऱ्या हातात जात होता. पान तीनवर चहाचे डाग पडले होते. एका हमालाने माझ्याकडे बघून हाक मारली, "या पेपरवाले, या! लई भारी फोटू छापलाव आज."

"सत्काराचा आहे," मी म्हणालो.

"हाव ना. सत्कारच हाय. तुरीचा सत्कार." त्याने शेजारच्या शेतकऱ्याचा हात धरला, आपला गमछा वर टाकला आणि आकाशाकडे बघत जांभई दिली. टपरीवरचे सगळे हसले. "बोला मंत्रीसाहेब, दोन बोटं का तीन?"

"आरं, त्याला आपली बोटं कशी कळायची? तिथला मानूस त्यो."

"कळत्यात. शिकवलं आसंल. घरचंच इल्म हाय त्यांच्या."

एक म्हातारा एवढा वेळ गप्प होता. तो म्हणाला, "रुमाल तर मापाड्याचाच असतोय." त्यावर कुणी हसलं नाही. दोन-तीन माणसांनी वळून काट्याकडे बघितलं.

काका एका आडतीवर सोयाबीनचं वजन करत होते. त्यांनी ऐकलं का, हे मला सांगता येणार नाही. त्यांनी पोतं उतरवायला सांगितलं, आकडा मोठ्याने पुकारला, पुढचं पोतं चढवायला सांगितलं. आकडा पुकारल्यावर पोत्याचा मालक खाली वाकला आणि त्याने काट्याच्या पडद्यावरचा आकडा स्वतः वाचला. तिथल्या एका दिवाणजीने नंतर मला सांगितलं की काकांच्या काट्यावर असं वाकून बघणारा माणूस त्याने तोवर पाहिला नव्हता.

गुरुवारी एका शेतकऱ्याने आडत्याला सांगितलं, "दुसरा मापाडी बोलवा." शनिवारी आणखी दोघांनी सांगितलं. आडत्यांना वाद नको असतो. मतदानाच्या दिवसापर्यंत काकांना चारपैकी तीन आडतींवरून बोलावणं बंद झालं होतं. चौथा आडत्या त्यांच्या वडिलांच्या वेळचा होता, तो बोलवत राहिला.

मतदानाच्या आदल्या दिवशी काका माझ्या खोलीवर आले. मी बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीवर राहतो. जिना चढून त्यांना धाप लागली होती. पाणी दिलं, ते त्यांनी तसंच ठेवलं.

"फोटो कुणी दिला तुम्हाला?"

"ते सांगता येत नाही, काका."

"समोरच्या पार्टीनं दिला."

मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"न्हाई म्हणता का हाव म्हणता?"

"काका, कुणी काय दिलं हे आम्ही सांगत नसतो. उद्या तुम्ही काही दिलंत तर तुमचंही सांगणार नाही."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "ऐका. माझा भाऊ असा फोटो कुणाला देणार न्हाई. आठ वर्साचा असल्यापासून तो बापाच्या काट्याजवळ बसायचा. रुमालाखालचे हात त्यानं माझ्यापरीस जास्त बघितल्यात. एकदा बापाला म्हणला, बाबा, हे लोक उघडं का बोलत न्हाईत? बाप म्हणला, तू मोठा हो आन् उघडं बोल." त्यांनी खांद्यावरचा रुमाल सारखा केला. "ज्यानं दिला त्याला रुमाल म्हाईत हाय. मुद्दाम दिलाय. आन् तुम्हाला बी म्हाईत हाय रुमाल. तुम्ही मुद्दाम छापलाव."

मी म्हणालो, "ओळीत काही चूक असेल तर सांगा."

"ओळ कोण वाचतं?" ते म्हणाले आणि उठले. जिन्यातून पुन्हा त्यांचा आवाज आला, "आमचा काटा सत्तर वर्सांचा हाय, पेपरवाले."

निकालाच्या दिवशी आमदार थोडक्या मतांनी हरले. यार्डातला माल ज्या गावांतून येतो त्या गावांत ते मागे पडले होते. शहरात पुढे होते. त्यांनी पत्रकारांना एका वाक्याचं निवेदन दिलं, की मतदारांचा कौल त्यांना मान्य आहे. मला माहीत असलेलं त्यांचं हे पहिलं वाक्य, ज्याची बातमी जशीच्या तशी करता आली.

चार महिन्यांनी जिनिव्हाची बातमी आली. ती आमच्याकडे दिल्लीहून आली, अहमदपूरहून नाही. यार्डात त्या दिवशी कुणी हसलं नाही. टपरीवरचा हमाल एवढंच म्हणाला, "बघा, झाला सौदा पुरा." काकांचा काटा त्या वेळी वडिलांच्या वेळच्या त्या एकाच आडतीवर लागत होता.

तेव्हापासून मी तीन गोष्टी शोधल्या.

करार पाहायला मिळावा म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. ही माहिती परदेशाशी असलेल्या संबंधांना बाधा आणू शकते, म्हणून देता येत नाही, असं उत्तर आलं. अपिलाला तेच उत्तर आलं. करारावर सही कुणाची आहे हे मला आजही माहीत नाही. मूळ फोटोत टेबलाशी बसून सह्या करणाऱ्या दोघांत आमदार नव्हते, एवढं मी पाहिलं आहे. तो कागद तुरीच्याच कराराचा होता का, हे फोटोवरून कळत नाही.

जिनिव्हाच्या पदाची जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर होती. अर्जाची शेवटची तारीख मतदानाच्या आधीची होती. नेमकं सांगायचं तर, मला फोटो आला त्या सोमवारच्या आधीचा शुक्रवार. मुदतीनंतर आलेले अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत, असं जाहिरातीत लिहिलं आहे. तो नियम पाळला गेला असेल, तर आमदार निवडणूक लढवत असतानाच त्यांचा अर्ज तिथे पोचलेला होता. नियम पाळला गेला का, असं मी संस्थेला दोन वेळा पत्राने विचारलं. उत्तर आलं नाही.

तिसरी गोष्ट त्या बाईकडून कळली. ती मागच्या हिवाळ्यात नांदेडला दुसऱ्या एका उमेदवाराच्या कामावर आली होती. स्टेशनासमोरच्या हॉटेलात आम्ही भेटलो. मी तिला रुमालाची पद्धत सांगितली. तिने ती आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली. हातातला पोह्यांचा चमचा खाली ठेवून ती म्हणाली, "म्हणजे तो फोटो… अहो, पण मग तुम्ही छापला कसा?"

मी म्हणालो, "तुम्ही निवडला कसा?"

"मी नाही निवडला." तिने फोन काढला आणि बराच वेळ मागे मागे जात राहिली. मग पडदा माझ्याकडे वळवला. त्या सोमवारी दुपारी तिने आमदारांना तीन फोटो पाठवले होते आणि त्यांना क्रमांक दिले होते. पहिल्यात आमदार मंत्र्यांना फुलांचा गुच्छ देत होते. तिसऱ्यात दोघं हात मिळवत होते आणि हात स्वच्छ दिसत होते. दुसरा तो फोटो होता. खाली तिचा प्रश्न होता, 'यातला कोणता देऊ?'

सात मिनिटांनी आलेलं उत्तर एका आकड्याचं होतं. दोन.

नंबर मी माझ्या फोनमधल्या नंबराशी ताडून पाहिला. तो आमदारांचाच होता. बाई म्हणाली, "आता माझं नाव आलं तरी चालेल. त्या कामातून मी मोकळी झाले."

मी आठ दिवस थांबलो. मग यार्डात गेलो.

दुपारचा एक वाजला होता. आवक नव्हती. काका आडतीच्या ओट्यावर बसून भाकरी खात होते. मी त्यांना सगळं सांगितलं. तीन फोटो, क्रमांक, उत्तर. शुक्रवारचंही सांगितलं. ते जेवायचे थांबले नाहीत. भाकरी संपवली, हात धुतले, फडक्याला पुसले. मग सदऱ्याच्या खिशातून फोन काढून माझ्याकडे दिला. "लावून द्या. तिकडं आता काय वाजलं आसंल?"

"सकाळ असेल."

"मोठ्यानं लावा. मला कानाला लावून ऐकू येत न्हाई."

तिसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

"दादा, जेवलास का?" आमदारांचा आवाज होता. मी तो अशा घरगुती सुरात कधी ऐकला नव्हता.

"जेवलो. एक इचारायचंय. पेपरातला फोटो. तीन व्हते म्हणं. दोन नंबरचा तू सांगितलास?"



"कोण बसलंय तिथं, दादा?"

"मी इचारून राहिलो ना."

"त्या दिवसांत शंभर गोष्टी होत्या डोक्यात. त्या फोटोत चेहरे स्पष्ट होते."

"आन् हात?"

"हात म्हणजे?"

काका माझ्याकडे बघत होते, फोनकडे नाही. "हातावर शाल व्हती."

"हो. नांदेडची शाल होती ती. तिथल्या वजिराबाद भागातल्या दुकानातून मीच मागवून घेतली होती. आपल्याकडची म्हणून."

"बापाचा रुमाल ध्यानात हाय का तुला?"

पलीकडे कुणी तरी परक्या भाषेत काही विचारलं. आमदारांनी त्याच भाषेत दोन शब्द उत्तर दिलं. मग ते म्हणाले, "दादा, हे फोनवर नको. मी डिसेंबरात येतोय. आल्यावर सविस्तर बोलू. बघू आपण."

फोन बंद झाला. काकांनी तो खिशात ठेवला. मला म्हणाले, "वहीत काय लिहिलंव?"

मी वही उघडली नव्हती. तसं त्यांना सांगितलं.

"लिहा की," ते म्हणाले. "तुम्हाला लिहायचं व्हतं म्हणून तर आलाव." ते उठले आणि काट्यावर ताडपत्री टाकू लागले. मी दुसरं टोक धरलं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

डिसेंबरात आमदार अहमदपूरला आले नाहीत. दिल्लीला एका बैठकीसाठी येऊन गेले. त्याची चार ओळींची बातमी आमच्याच दैनिकात आली होती.

जानेवारीत नवी तूर यार्डात आली. पहिल्या लिलावाला मी हजर होतो. भाव उघड पुकारला गेला. वडिलांच्या वेळच्या त्या आडतीवर वजन करायला दुसरा मापाडी होता. मी बाजार समितीच्या कार्यालयात गेलो आणि मापाड्यांची फाइल मागितली. काकांचा परवाना परत केल्याचा अर्ज त्यात सगळ्यात वर होता. आम्ही जिनिव्हाला फोन लावला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख त्यावर होती. अर्ज छापील नमुन्यात आहे. नाव, परवाना क्रमांक आणि सही काकांच्या अक्षरात आहे. कारणाचा रकाना कोरा आहे.